कुठून मोजलंस, वसंता?

सायमन वाक्रुळकरला कुणी कुठलाही आकडा सांगितला की त्याच्या तोंडून एकच शब्द यायचा. ‘कुठून?’

आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क गोडबोले एकदा मोठ्या कौतुकाने म्हणाले, ‘भाचीसाठी स्थळ आलंय. मुलगा चांगला सहा फूट आहे.’ सायमनने चहाचा कप खाली ठेवला.

‘कुठून?’

‘कुठून काय? पायापासून डोक्यापर्यंत.’

‘बूट घालून की अनवाणी? आणि वर कुठपर्यंत? केसांचा फुगा धरून की टाळूपर्यंत?’

गोडबोल्यांनी ‘तुम्ही वरपक्षाकडून आहात की काय’ असं म्हणून विषय संपवला. पण लग्नात मी पाहिलं, अक्षता टाकताना गोडबोले नवऱ्या मुलाच्या पायाकडेच बघत होते.

गाढी नदीला पूर आला त्या वर्षी आमचा शिपाई उशिरा आला. म्हणाला, ‘साहेब, घरात कमरेएवढं पाणी होतं.’ सायमन म्हणाला, ‘कुणाच्या?’ आणि नुसतं विचारून थांबला नाही. खिशातली टेप काढून त्याने भिजलेल्या शिपायाची कंबर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं. मग त्याला आपला कोरडा शर्ट दिला. क्रम हाच. आधी मोजमाप, मग शर्ट.

पनवेलच्या इस्रायल आळीत त्याचं बैठं कौलारू घर होतं. त्याच्या उंबऱ्यात त्याने एक पितळी स्क्रू बसवला होता. ‘हा माझा शून्य,’ तो सांगायचा. घरातली प्रत्येक वस्तू त्या स्क्रूपासून मोजलेली. पंखा स्क्रूपासून आठ फूट दोन इंच, विहिरीतलं पाणी मे महिन्यात स्क्रूखाली एकोणीस फूट. दरवर्षी पालिका समोरच्या रस्त्यावर डांबराचा नवा थर चढवायची. दरवर्षी सायमन पट्टी घेऊन बाहेर यायचा आणि रस्ता स्क्रूच्या किती वर गेला ते बघायचा. एकदा मला म्हणाला, ‘वसंता, लोकांना वाटतं माझं घर खाली चाललंय. घर जागच्या जागी आहे. रस्ता वर येतोय. पण रस्त्यावरून बघणाऱ्याला हे पटवायचं कसं?’

हे सगळं मी चारचौघांत सांगून खूप हशा मिळवलेला आहे. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. सायमनबद्दल लिहायला घेतलं की हसू येतंच, ते मी थांबवत नाही. पण मला लिहायचंय ते वेगळं आहे. अठरा वर्षांपूर्वी जासईजवळ एका कंटेनर यार्डातली शेड खचली. त्याचा ठपका सायमनवर आला. अजून आहे. चूक त्याची नव्हती, माझी होती, आणि मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमची कंपनी छोटी होती. कुणी गोदाम, पूल किंवा इमारत बांधणार असेल तर त्याआधी जमिनीत बोअर घेऊन खाली काय काय आहे ते सांगायचं, हे आमचं काम. बोअर घेणारी टोळी बाळारामची. तो जासईकडचाच, आगरी, गिरमिटाच्या आवाजावरून खाली चिकणमाती लागली की मुरूम ते सांगणारा. मी कामांचा प्रमुख. आणि सायमन भूगर्भतज्ज्ञ. आम्ही दोघं एकाच शाळेतले. तो माझ्यापुढे दोन इयत्ता होता, पण पहिल्यापासून अरे-तुरे.

सायमन बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू, त्यामुळे शनिवारी साइटवर पाऊल ठेवायचा नाही. ‘आमचे पूर्वज शनिवारी तेलाचा घाणा थांबवायचे. मी बोअर थांबवतो,’ म्हणायचा.

बाळारामने एकदा त्याला अडवलं. ‘सायेब, तुमच्या देवाचा दिस आमी पालतो. मंग आमची एकवीरेची जत्रा आली का काम चालू कसा?’

सायमनने विचार केला. ‘बरोबर आहे,’ म्हणाला. तेव्हापासून आमच्या कंपनीचं काम दर शनिवारी आणि चैत्रातले चार दिवस बंद राहू लागलं. मालकांना याचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. ते म्हणायचे, या मशिनला फार मेंटेनन्स लागतो.

आता थोडं सायमनच्या गणिताबद्दल सांगायला हवं. बोअर म्हणजे जमिनीला पाडलेलं एक भोक. दहा एकरांच्या जागेत अशी पंधरा-वीस भोकं असतात. मधल्या सगळ्या जागेत काय आहे ते कुणी पाहिलेलं नसतं. ते आजूबाजूच्या बोअरवरून अंदाजाने काढायचं. जवळच्या बोअरचं जास्त ऐकायचं, लांबच्याचं कमी. यालाही गणित असतं. पण खाडीकाठची जमीन थराथरांची. एकेक थर कुठे जाड, कुठे पातळ, कुठे वर, कुठे खाली. एका बोअरमधला चार मीटरवरचा थर आणि शेजारच्या बोअरमधला चार मीटरवरचा थर एकच असेल असं नाही. अशा वेळी नुसत्या खोलीवर विसंबून अंदाज केला की सगळं चुकतं.

हे सगळ्या ऑफिसला समजावं म्हणून सायमनने एक दिवस घरून सात गोधड्या आणल्या. सात रंगांच्या. त्या एकावर एक रचल्या आणि गोडबोल्यांना म्हणाला, ‘बसा.’ गोडबोले अंगाने भरगच्च. ते मधोमध बसले. ढीग मधे हातभर उरला, कडेला दोन हात राहिला.

‘आता बघा,’ सायमन म्हणाला. ‘जमिनीपासून एक हात उंचीवर कडेला कुठली गोधडी आहे? लाल, चौथी. आणि मधे एक हात उंचीवर? सगळ्यात वरची, निळी. म्हणजे एकच उंची धरून आडवं गेलं तर लाल गोधडीची निळी झाली. असं कधी होतं का?’

‘अहो वाक्रुळकर, मला उठवा आधी,’ गोडबोले म्हणाले.

‘थांबा, गणित व्हायचंय. उंची विसरायची. ढिगाचा तळ म्हणजे शून्य, माथा म्हणजे एक. आता विचारायचं, लाल गोधडी ढिगाच्या कितव्या हिश्शावर आहे? कडेला अर्ध्यावर. गोडबोल्यांच्या खाली? तिथेही अर्ध्यावरच. झालं. वाकलेले थर सरळ झाले. आता आडवं जा, अंदाज करा, आणि काम झालं की सगळं परत होतं तसं वाकवून ठेवा.’

‘आणि मला?’

‘तुम्हालाही,’ असं म्हणून सायमनने त्यांना हात दिला.

यात एकच मेख होती आणि ती तो पुन्हा पुन्हा सांगायचा. तळ आणि माथा खरा हवा. माथा चुकला की प्रत्येक हिस्सा चुकतो, आणि मग एकच गोधडी दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोधड्या वाटू लागते. म्हणून तो आयुष्यभर ‘कुठून’ विचारत होता. आम्हाला तो चाळा वाटायचा.

सायमनने लग्न केलं नव्हतं. आई होती, शेगुलाबाई, मराठीत शिव्या देणारी आणि हिब्रूत प्रार्थना म्हणणारी गोड म्हातारी. बहीण आणि तिचं कुटुंब फार पूर्वी इस्रायलला गेलेलं. आळीतली घरं एकेक करून रिकामी होत गेली. शेगुलाबाई गेल्या त्याला वर्ष झालं तेव्हा सायमन माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘वसंता, आईच्या दिवसाची प्रार्थना आहे. त्याला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर होत नाही. पनवेलात आम्ही सात उरलोय.’

मी ऑफिसची जीप काढली. पेणहून तिघांना घेऊन आलो. त्यातले एक आजोबा ठार बहिरे होते. त्यांना वाटत होतं आपण लग्नाला चाललोय. पळस्पे फाट्यावर आम्ही ट्रकांच्या रांगेत तासभर अडकलो, तेव्हा ते दर पाच मिनिटांनी मला विचारत होते, ‘मुहूर्त किती वाजता?’ मी सूर्य मावळायच्या आत त्यांना मशिदीच्या दारात उतरवलं. बेने इस्रायली लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणायचे. सायमन दारात उभा होता. त्याने मोजलं. आठ, नऊ, दहा. मग माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आतून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

त्यानंतर दरवर्षी तो दिवस आला की मी जीप काढायचो. आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे जायचो. तो भिजवलेल्या मनुकांचा रस काढून ठेवायचा, त्यावर आशीर्वाद म्हणायचा आणि अर्धा ग्लास मला द्यायचा. मग दोघं ओट्यावर बसून रस्ता किती वर आला त्यावर बोलायचो. चौदा वर्षं असं चाललं.

मग ते जासईचं काम आलं.

जागा जुन्या मिठागराची. खाली करडी चिकणमाती, तिच्यात हातभर जाडीचा काळा गाळ, लोण्यासारखा मऊ, वास मारणारा. त्याखाली पुन्हा माती आणि तळाला मुरूम. धोका त्या काळ्या गाळाचा. तो जिथे असेल तिथे आधी पाणी निचरून जायला पट्ट्या ठोकायच्या, वर मातीचं ओझं काही महिने ठेवून जमीन दाबून घ्यायची आणि मगच बांधायचं. गाळ नसेल तिथे हा खटाटोप नको.

पश्चिमेकडचे बोअर आम्ही पावसाळ्याआधी घेतले. पावसाळ्यानंतर पूर्वेकडचे घ्यायला गेलो तर यार्डवाल्यांनी तिथे दोन मीटर मुरमाचा भराव टाकून ठेवलेला. बाळारामने भरावावर मशिन उभं केलं आणि भरावाच्या माथ्यापासून खोल्या मोजल्या. त्याच्या कागदावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. मधल्या पट्ट्यात यार्डाचं सामान पडलेलं, तिथे बोअरच घेता आला नाही. तिथलं सायमनने अंदाजाने काढायचं होतं.

त्या भरावाची परवानगी अजून यायची होती. यार्डाच्या माणसाचा मला फोन आला. ‘रिपोर्टमध्ये भरावाचा उल्लेख नको. बाकी काय ते तुम्ही बघा.’

मी बघितलं. बाळारामच्या कागदावरून सायमनसाठी तक्ता तयार करताना भरावाची ओळ गाळली आणि वरची माती थेट शून्यापासून सुरू केली. खोल्यांमधून दोन मीटर वजा करायला हवे होते. ते मी केले नाहीत. वजा केले असते तर आकडे बाळारामच्या कागदाशी जुळले नसते. कुणी विचारलं असतं, हे दोन मीटर कसले. म्हणून तसेच ठेवले. पाच मिनिटांचं काम होतं, वजाबाकीचं. मी मुद्दाम केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सायमन तक्ता घेऊन आला.

‘पूर्वेला वरची माती दोन मीटर जास्त जाड कशी?’

‘असेल. खाडीकडची बाजू आहे.’

‘कुठून मोजलंस, वसंता?’

‘जमिनीपासून.’

‘कुठल्या जमिनीपासून?’

‘जमीन एकच असते रे. मी स्वतः उभा होतो तिथे.’

त्याने माझ्याकडे पाहिलं. सायमन कुणाच्याही शब्दावर विसंबायचा नाही. डॉक्टरांनी वजन सांगितलं तरी दुसऱ्या काट्यावर जाऊन बघणारा माणूस. त्या दिवशी त्याने साइटवर जायला पिशवी उचलली नाही. ‘बरं,’ म्हणाला. ‘तू सांगतोस म्हणजे झालं.’

आणि तो गणिताला बसला. पश्चिमेला मुरूम दहा मीटरवर, काळा गाळ चार मीटरवर. पूर्वेला, माझ्या तक्त्याप्रमाणे, मुरूम बारावर आणि गाळ सहावर. पश्चिमेला गाळ वरून चार दशांशावर आला, पूर्वेला बरोबर अर्ध्यावर. एकच थर असता तर दोन्हीकडे हिस्सा सारखा यायला हवा होता. आला नाही. म्हणून गणिताने सांगितलं, हे दोन वेगळे थर आहेत, पश्चिमेचा वेगळा, पूर्वेचा वेगळा, आणि दोन्ही मधल्या पट्ट्यात पोहोचायच्या आधीच संपतात. मधे गाळ नाही. भरावाचे दोन मीटर वजा केले असते तर पूर्वेलाही चार आणि दहाच आले असते. मग एक लहान मूलही म्हणालं असतं की गाळ सलग आहे.

मधल्या पट्ट्यात निचऱ्याच्या पट्ट्या ठोकल्या नाहीत. तिथे शेड उभी राहिली. दुसऱ्या पावसाळ्यात तिची फरशी बशीसारखी खाली बसली, खांब कलले, एक भिंत पडली. कुणाला लागलं नाही. मी हे वाक्य स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्यात काही उरलेलं नाही.

बैठक झाली. यार्डवाल्यांनी मुंबईहून एक सल्लागार आणला होता. त्याने सायमनचे कागद उलटसुलट करून बघितले आणि म्हणाला, ‘यांनी सगळ्या खोल्या बदलून शून्य ते एकमध्ये बसवल्यात. जमिनीची खोली कधी शून्य ते एक असते का हो?’ लोक हसले. आमचे मालकही हसले. गोडबोले तेवढे हसले नाहीत, ते खाली बघत होते.

सायमनने माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, ‘वसंता, कुठून मोजलं होतं?’

खोलीत अकरा माणसं होती. माझ्या बॅगेत बाळारामचा मूळ कागद होता. मी म्हणालो, ‘जमिनीपासून.’

‘मग चूक माझी,’ सायमन म्हणाला आणि कागद गोळा करू लागला.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. त्याने आठवड्याभरात राजीनामा दिला. आमच्याकडे शिपाई निवृत्त झाला तरी चहा-वेफर्स आणि नारळ असायचा. सायमनला नारळ मिळाला नाही. नंतर त्याला कुणी काम दिलं नाही. गावात विनोद सुरू झाला. कुठल्याही कार्यक्रमात तो दिसला की कुणीतरी म्हणायचं, ‘वाक्रुळकर आले, बघा रे खुर्च्या सरळ आहेत ना.’ एका मुंजीत हा विनोद माझ्यासमोर झाला. मीही हसलो. सायमनने पाहिलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बरेच महिने त्याने कुणालाच ‘कुठून’ विचारलेलं नाही. कुणी काही आकडा सांगितला की तो ‘असं का’ म्हणायचा आणि गप्प बसायचा.

मी त्याच्याकडे जाणं कमी केलं. मग बंद केलं. शुक्रवार आला की मला काहीतरी काम निघायचं. शेगुलाबाईंच्या दिवसाला त्या वर्षी मी निरोप पाठवला की जीप बिघडली आहे. जीप चांगली होती. माझं घर त्याच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. अठरा वर्षं ते अंतर मी चाललो नाही.

गेल्या महिन्यात मासळी बाजारात बाळाराम भेटला. तोही म्हातारा झालाय, नातवाच्या गाडीवरून येतो. म्हणाला, ‘वाक्रुळकर सायेब चाललं. भाची नेतेय इस्रायलला, कायमचा. तुमी भेटला का नाय?’

‘जाईन एकदा.’

‘जाईन नाय, जा. त्यानला म्हाइत हाय सगला.’

‘काय माहीत आहे?’

‘भरावाचा. भिंत पडली त्याच पावसाल्यात ते आमच्या गावात आलं व्हतं. पाय गुडग्यापरत चिखलात. मना इचारला, बाळाराम, पूर्वेचा कुटून मोजलाव? मी सांगितला, भरावावरून. कागदावं पन लिवलाय.’

‘तू सांगितलंस?’

‘मंग? मी कसा खोटा बोलू? मी काय तुमच्यासारका शिकलेला हाय?’

मी तिथूनच निघालो. हातात मासळीची पिशवी तशीच.

रस्ता इतका वर आलाय की सायमनच्या घरात जायला आता तीन पायऱ्या उतराव्या लागतात. दार उघडं होतं. आत पेट्या बांधून ठेवलेल्या, भिंतीवरचे फोटो काढलेले, त्यांच्या जागी पांढरे चौकोन. सायमन स्टुलावर बसून पुस्तकांना दोरी बांधत होता. मला बघून तो दचकला नाही. पिशवीकडे बघून म्हणाला, ‘आत ठेव ती. मांजर आहे.’

मी पिशवी ठेवली. उभाच राहिलो. ‘सायमन, मला काहीतरी सांगायचंय.’

‘कुठून सांगतोस?’

अठरा वर्षांनी मी तो शब्द ऐकला.

‘शेड खचली तिथून,’ तो म्हणाला, ‘की त्याच्या आधीपासून?’

‘भरावापासून.’

‘मग बस. वेळ लागेल.’

मी सांगितलं. फोन, गाळलेली ओळ, न केलेली वजाबाकी, बॅगेतला कागद. मुंजीतल्या हसण्यासकट आणि चांगल्या असलेल्या जीपसकट. तो ऐकत होता आणि हाताने दोरीची गाठ मारत होता, सोडत होता, पुन्हा मारत होता. माझं संपल्यावर उठून त्याने पेटीमागून कागदाची एक गुंडाळी काढली. जासईच्या जागेचा उभा छेद, पेन्सिलीने काढलेला. काळा गाळ पश्चिमेपासून पूर्वेपर्यंत एका सलग रेघेत गेला होता, मधे कुठेही न तुटता. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्व खोल्या मूळ जमिनीपासून.’ कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

‘हे तू तेव्हाच काढलंस?’

‘बाळारामकडून आलो त्याच आठवड्यात.’

‘मग बोलला का नाहीस? तुझं नाव गेलं, काम गेलं.’

‘बोललो असतो तर तू माझ्यासमोर आला असतास का?’

मी खरं सांगितलं. ‘नाही.’

‘म्हणून नाही बोललो. म्हटलं, मी गप्प बसलो तर वसंता येत राहील. शुक्रवारचं बोलायला तरी कुणीतरी असेल.’ त्याने गुंडाळी परत बांधली. ‘तेवढा एक अंदाज माझा चुकला. बाकी गणित बरोबर होतं.’

मांजर पिशवीभोवती फिरत होतं, सायमनने उठून पिशवी खुंटीला लावली.

‘शेडचं मला फार वाटलं नाही,’ तो पुन्हा बसत म्हणाला. ‘त्या वर्षी आईच्या दिवसाला नऊ जण जमले. तू निरोप पाठवला होतास, तरी मला वाटलं, येशील. अंधार पडेपर्यंत आम्ही नऊ जण बसून होतो. मग ते आपापल्या घरी गेले.’

‘आणि नंतर?’

‘नंतर कधी नऊ, कधी सहा. आता तर तीन. मी एकटाच काय ते पुटपुटतो.’

बाहेर रस्त्यावरून माणसं चालली होती. खिडकीतून त्यांचे गुडघ्यापर्यंतचे पाय तेवढे दिसत होते. मी विचारलं, ‘मी काय करू, सांग.’

‘लिही,’ तो म्हणाला. ‘माझ्या भाचीला वाटतं, मामाच्या गणिताने शेड पडली. इथल्या कुणीतरी तिच्या आईला कळवलं होतं. तिला मराठी वाचता येतं.’

म्हणून हे लिहिलं. ती कंपनी आता नाही, यार्डाचे मालक बदलले. मी पत्र पाठवलं, त्यांचं उत्तर आलं की इतक्या जुन्या कामाची फाइल मिळत नाही. तेव्हा इथेच लिहितो, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय. जासईची शेड खचली ती सायमन वाक्रुळकरच्या गणिताने नाही. त्याला मी चुकीचा माथा दिला. त्याने विचारलं होतं, दोनदा विचारलं होतं, आणि मी दोन्ही वेळा खोटं बोललो.

आणखी एक गोष्ट झाली. त्याच्या जाण्याच्या आठ दिवस आधी शेगुलाबाईंचा दिवस येत होता. मी एक भाड्याची गाडी केली. माझ्या वयाला आता पहाटे उठून गावोगाव फिरणं झेपत नाही, पण गेलो. पेणला एकच घर उरलंय, तिथून बाप आणि मुलगा मिळाले. अलिबागकडून दोघं आले, एक जण रोह्याहून. ठाण्याला सायमनचे लांबचे नातेवाईक होते, त्यांना तीन दिवस फोन करत होतो. दोघं हो म्हणाले, एकजण शेवटपर्यंत ‘बघतो’ म्हणत होता. पळस्प्याला आम्ही पुन्हा ट्रकांत अडकलो. मी ड्रायव्हरला दर पाच मिनिटांनी वेळ विचारत होतो आणि मला ते बहिरे आजोबा आठवत होते.

मशिदीच्या दारात सायमन काठी टेकून उभा होता. त्याला धरून पनवेलचे तिघं, माझ्याबरोबरचे पाच, ठाण्याहून आलेले दोघं. त्याने बोटाने मोजलं. मग पहिल्यापासून पुन्हा मोजलं. आणि आत गेला.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. बाक तोच होता, फक्त रस्ता उंच झाल्यामुळे पाय आता जमिनीला पूर्ण टेकत होते, गुडघे वर येत होते. आत प्रार्थना सुरू झाली. तेव्हा चौदा वर्षं ऐकूनही मला तिच्यातला एकही शब्द कधी कळला नव्हता. या वेळी कान देऊन ऐकत राहिलो. बऱ्याच वेळाने त्यात शेगुलाबाईंचं नाव आलं, आणि त्याच्या मागोमाग दहा माणसांचं आमेन.